डिस्क सीरियल नंबरवरून ओळखणे: लग्नसराईचा पूर्ण सीझन वापरून

राजारामपुरीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत बॅकअपचं मशीन लिनक्सवर आहे, आत चार हार्डडिस्क, बाहेर दोन यूएसबी डॉक (उघडी डिस्क खोचून यूएसबीनं जोडायचं स्टँड). दिवाळीनंतर सगळ्या स्क्रिप्टमधली एसडीए एसडीबी ही लिनक्सनं डिस्कला दिलेली नावं काढून बाय-आयडी फोल्डरमधली, सीरियलवरून बनलेली, टाकली, आता सीझन संपत आला म्हणून लिहितोय.

परत एसडीबीवर जाणार नाही, विषय संपला. ती अक्षरं डिस्कची नसतातच मुळात, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जी आधी सापडली ती ए, मग बी, आणि वळवाच्या पावसात लाईट जाऊन आली की कुठली डिस्क आधी जागी होईल याचा काय नेम नाही, आज बी असलेली उद्या सी. बाय-आयडीत यूडेव्ह (लिनक्समधला जोडलेल्या वस्तूंना नावं देणारा प्रोग्राम) दोन नावं बनवतं, एक मॉडेल आणि सीरियल जोडून, दुसरं डब्ल्यूडब्ल्यूएन, म्हणजे प्रत्येक डिस्कला कंपनीनं दिलेला वेगळा नंबर. हा डब्ल्यूडब्ल्यूएन साधारण १६ अंकी हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ) नंबर, आपल्या नेहमीच्या डिस्कवर ५ ने सुरू होतो, पुढचे सहा कंपनीचे, उरलेले त्या एका डिस्कचे. बऱ्याच डिस्कच्या लेबलवरपण छापलेला असतो. आमच्याकडे दोन डिस्क अगदी सेम मॉडेल सेम साईझच्या आहेत, ट्रेवर मार्करनं सीरियलचे शेवटचे चार अंक लिहिलेत, कामावरचं नवीन पोरगंपण बरोबर तीच काढून देतंय.

यूयूआयडी (फॉरमॅट करताना पडणारा ओळख नंबर) आहे की, असं म्हणणारे भेटतात. लॅपटॉपच्या एफएसटॅबला (सुरू होताना काय कुठं जोडायचं त्या यादीला) तोच बरा, मीपण तिथं तोच ठेवलाय. पण तो फाईलसिस्टीमचा (डिस्कवर फाईली मांडायच्या रचनेचा) असतो, डिस्कचा नाही. डीडी कमांडनं क्लोन (जशीच्या तशी कॉपी) मारला की दोन्हीकडं सेम यूयूआयडी, आणि आम्ही मोठ्या लग्नांचे क्लोन ठेवतोच. फाईलसिस्टीम एक्सएफएस असेल तर ओरिजिनल माउंट (वापरायला जोडलेली) असताना क्लोन माउंटच होत नाही, नोयूयूआयडी ऑप्शन द्यावा लागतो. एडिटिंगचं मशीन विंडोजवर, तिथंपण डिस्क १, डिस्क २ या नंबरांचा भरवसा नाही, क्लोन लावला की सिग्नेचर (डिस्कवर लिहिलेला ओळख नंबर) सेम म्हणून डिस्क ऑफलाईन दाखवतं. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड खिडकीत) गेट-फिजिकलडिस्क मारून सीरियल बघायचं, तेवढं पुरतं.

आता रडगाणं. स्वस्तातला डॉक. आतली ब्रिज चिप (डिस्क आणि यूएसबीला जोडणारी) डिस्कचा सीरियल पुढं पाठवतच नाही, स्वतःचाच सांगते, त्यामुळं कुठलीपण डिस्क घाला, बाय-आयडीत नाव तेच! सीरियलवर चालणारी स्क्रिप्ट तिथं आंधळी. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या कमांडला सॅट ऑप्शन (चिपमागच्या डिस्कलाच विचारायचा) दिला की आमच्या डॉकमधून खरा सीरियल येतो, म्हणून स्क्रिप्ट आधी तो विचारते, जुळला तरच कॉपी सुरू. लई सोपं नाही झालं, पण चालतंय. दुसरा महागडा डॉक गपगुमान खरा नंबर देतो.

नवीन डॉक घेणार असाल तर दुकानातच दोन वेगळ्या डिस्क आलटून पालटून लावा, एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये सीरियलचा कॉलम बघा, बदलला नाही तर काउंटरवरच परत द्या, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.