मुंबईच्या लॉजचं ‘टोकन’ आणि आमचे 32,725 रुपये

विदर्भातून रात्रीच्या गाडीनं मुंबई पाहायला निघणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं म्हणून लिहितो आहे. लॉजच्या खोट्या बुकिंगमध्ये गेलेली रक्कम 32,725 रुपये. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. म्हणजे सहा क्विंटलच्या वर सोयाबीन गेलं, तेही हमीभावानं धरलं तर. आणि हमीभाव आपल्याकडे किती जणांच्या पदरात पडतो ते तुम्हालाही माहीत आहे. घरी मी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

आम्ही चौघं मित्र. माझं धामणगाव रेल्वेपासून आत असलेल्या गावात कृषी केंद्र आहे, प्रवीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, गजानन आणि बाळूभाऊ शेती करतात. हरभरा पेरून झाला होता, मजूर वेचणीला लागले होते, दोन दिवस काढता येतील असं वाटलं. शनिवारी गेटवे आणि घारापुरी, रविवारी राणीची बाग आणि सिद्धिविनायक करून रात्री परत, असा बेत होता. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, बुधवारी राणीची बाग बंद असते, एवढं सगळं आधी बघून ठेवलं होतं. सांगायचं कारण एवढंच, की आम्ही झोपेत निघालेलो नव्हतो.

राहायची सोय दादरला हवी होती. आमचे वडीलधारे आमदारांचं पत्र घेऊन आमदार निवासात उतरायचे. आम्हाला दोन दिवसांसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पण ती आजारी माणसांची आणि त्यांच्या नातेवाइकांची जागा आहे. फिरायला गेलेल्यांनी तिथली खाट अडवू नये. म्हणून मोबाइलच्या नकाशावर लॉज शोधला. लॉज खरा, पत्ता खरा, फोटो खरे, लोकांनी दिलेले शेरेही खरे. खाली दिलेला फोन नंबर तेवढा चोराचा. नकाशावरच्या नोंदीत बाहेरचा माणूस ‘दुरुस्ती’ सुचवून नंबर बदलवू शकतो, हे मला पैसे गेल्यावर कळलं. आधी किती जणांना माहीत असतं?

फोनवर बोलणारा मराठी. चांगलं, स्वच्छ मराठी. “किती जण आहात सर? सोबत वयस्कर कोणी आहे का? असतील तर पहिल्या मजल्यावरची खोली देतो, आमच्याकडे लिफ्ट नाही.” लिफ्ट नाही हे जो आपणहून सांगतो तो खोटं बोलत असेल असं कोणाला वाटेल? दोन खोल्या, दोन दिवस, खोलीमागे दिवसाला 1,500, एकूण 6,000. अर्धे आगाऊ. बुधवारी दुकानातूनच 3,000 पाठवले. लॉजचं नाव, शिक्का, जीएसटी क्रमांक असलेली पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली.

आता तो क्षण, ज्यानं अजून झोप येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. बडनेरा सोडलं आणि त्याचा फोन आला. “सर, तुमचं चेक-इन टोकन कन्फर्म झालेलं नाही. नऊच्या आत झालं नाही तर सिस्टम खोली दुसऱ्याला देऊन टाकेल. उद्या शनिवार आहे, दादरला खोली मिळणार नाही.” हे शेवटचं तर खरंच होतं. शनिवारी मुंबईत ऐन वेळी खोली मिळत नाही, ही भीती आमच्या मनात आधीच होती. त्यानं ती फक्त उचलली.

पुढे म्हणाला, “पैसे पाठवायचे नाहीत सर. मी क्यूआर पाठवतो, तो उघडा. रक्कम लिहायच्या चौकटीत टोकन नंबर टाका, 14862. पिन टाकला की टोकन रजिस्टर होईल. पैसे कटणार नाहीत.” गाडीचा आवाज, रेंज येते-जाते, समोरच्या बर्थवरचं पोरगं रडून राहिलं, आणि फोनवर हा मागे लागलेला: “लवकर सर, टायमर सुरू आहे.”

मी आकडा टाकला. चौकटीत आधी रुपयाचं चिन्ह, मग 14,862, आणि खाली बारीक अक्षरात अक्षरी रक्कम. त्याच्या वर पैसे घेणाऱ्याचं नाव. बुधवारी 3,000 पाठवताना एका बाईचं नाव आलं होतं. तेव्हा विचारलं तर म्हणाला होता, मालकीण आहेत. या वेळी नाव एका पुरुषाचं होतं, आडनावही वेगळं. गजानन माझ्या खांद्यावरून बघत होता. तो बोललाही, “काऊन रे, हे तं दुसरंच नाव दाखवून राह्यलं!”

तिथं थांबायचं होतं. गजाननच्या तोंडून शब्द निघाला होता, स्क्रीनवर सगळं लिहिलेलं होतं, नाव दुसरं, पुढे रुपयाचं चिन्ह. पण माझ्या स्वतःच्या दुकानाचं बघा: परवाना वडिलांच्या नावावर, खातं धाकट्या भावाच्या नावावर, आणि बियाणं-खत विकायला गल्ल्यावर मी. रोज शंभर माणसं माझ्या काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करतात आणि त्यांना माझ्या भावाचं नाव दिसतं. कोणी विचारत नाही. गावाकडचा अर्धा व्यापार असाच चालतो. मग मुंबईच्या लॉजचं एक खातं मालकिणीच्या आणि एक तिच्या नवऱ्याच्या नावावर असेल, हेच माझ्या डोक्यात आलं. अनुभवी माणसाच्या डोक्यात हेच येईल. मी पिन टाकला.

14,862 गेले.

मी ओरडलो तर तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा. “अरे सर, चुकून पेमेंटमध्ये गेलं! काळजी करू नका, रिफंड लगेच टाकतो. पण त्याच खात्यावरून दुसरी एन्ट्री होत नाही. सोबतच्या कोणाच्या मोबाइलवरून 14863 टोकन टाका, दोन्ही रकमा एकदम परत येतील.” आणि बाळूभाऊनं टाकलं. बाळूभाऊला कोणी काही म्हणू नका. माझे पैसे अडकले म्हणून तो माणूस घाईनं पुढे झाला, स्वतःच्या खात्यातून, सोयाबीन विकून आलेल्या चुकाऱ्यातून. 3,000, 14,862 आणि 14,863.

पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. रकमेच्या चौकटीत टाकलेला आकडा म्हणजे रुपयेच; टोकन, कोड, ओटीपी, बुकिंग नंबर यातलं काहीही तिथं लिहायचं नसतं. हे भिंतीवर लिहून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, आणि कॉलेजातल्या पोरांनाही, कारण पोरंही फसतात.

मग फोन बंद. मूर्तिजापूरच्या आसपास रेंज तशीही जाते, म्हणून आम्हाला वाटलं रेंजच गेली असेल. प्रवीण म्हणत होता की 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, आत्ताच फोन लावू. पण त्या माणसानं शेवटी सांगून ठेवलं होतं, “रिफंड अडकला तर सकाळी काउंटरवर रोख देतो.” लॉज तर खरा होता, पत्ता हातात होता. रात्री कोणावर तक्रार करायची? ती रात्र त्या चोरांना मिळाली. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून म्हणतो, सकाळची वाट बघू नका. 1930 हा रात्रीचाही नंबर आहे. फोन लावण्याआधी व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक कागदावर लिहून घ्या, कारण तिकडून पहिला प्रश्न तोच येतो आणि शोधता शोधता फोन कटतो.

सकाळी दादरला उतरून बॅगांसकट लॉजवर गेलो. काउंटरवरच्या माणसानं पावती हातातही घेतली नाही. लांबूनच बघून म्हणाला, “हे आमचं नाही. असे बरेच येतात.”

बरेच येतात! म्हणजे याला माहीत आहे. मग दारावर एक पाटी का नाही? नकाशावरची नोंद दुरुस्त का करून घेतली नाही? विचारलं तर म्हणतो, “आम्ही किती वेळा करायचं, पुन्हा बदलतात.” आणि लगेच त्याच दमात, “खोली पाहिजे का? एक आहे, 4,200.” मी रागानं बाहेर आलो. पुढे दुसरीकडे एकाच खोलीला 3,900 आणि वरच्या दोन गाद्यांचे 600 देऊन चौघं राहिलो. बॅगा ओढत फिरताना एक टॅक्सीवाला दादरहून सीएसएमटीचे 800 सांगत होता. काळी-पिवळी मीटरनं चालते, पहिल्या टप्प्याला 31 रुपये, आणि दादर ते सीएसएमटी लोकलचं तिकीट 5 रुपये. बाहेरगावचा माणूस दिसला की त्या शहरात प्रत्येक गोष्टीला वेगळा भाव लागतो.

आता पोलिसांचं. जवळच्या ठाण्यात गेलो. बराच वेळ बाकावर बसवलं. मग एका साहेबांनी विचारलं, “पैसे पाठवले तेव्हा कुठे होता?” गाडीत होतो, बडनेऱ्याच्या पुढे. “मग ही आमची हद्द नाही. रेल्वे पोलीस बघा, नाहीतर गावाकडे द्या.” रेल्वे पोलीस म्हणाले, गाडीत चोरी झाली असती तर आम्ही घेतली असती, हे सायबर आहे. गावी परतल्यावर आमच्या ठाण्यात गेलो. तिथं विचारलं, “लॉज कुठला? मुंबईचा नं? मंग तिकडंच करा लागते भाऊ तक्रार.” चोरानं मला बसल्या जागी, चालत्या गाडीत लुटलं, त्याला हद्द लागली नाही. हद्द फक्त मला लागते.

आणि कायदा काय म्हणतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची आहे. 1 जुलै 2024 पासून लागू आहे. याला झिरो एफआयआर म्हणतात, नंतर ती त्यांनी आपसात पाठवायची. हे प्रवीणनं मोबाइलवर काढून दाखवलं तर साहेब म्हणाले, “मास्तर, आम्हाला शिकवू नका.” लुटल्या गेलेल्या माणसाला असं बोलायची हिंमत होते कुठून? माझ्याशी कोणी नीट बोललं असेल तर 1930 वरची मुलगी. तिनं शांतपणे सगळं लिहून घेतलं, पोचपावतीचा क्रमांक दिला. पण तोवर दिवस वर आला होता आणि पैशाला पाय फुटले होते.

बँकेची तऱ्हा आणखी वेगळी. तो महिन्याचा दुसरा शनिवार होता. शाखा बंद. टोल-फ्री नंबरवर एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा. चोरांनी शुक्रवारची संध्याकाळ उगाच निवडलेली नसते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी असले फोन आले तर दुप्पट सावध राहा. सोमवारी शाखेत गेलो तर व्यवस्थापकांनी मान वर न करता विचारलं, “पिन कोणी टाकला?” मी टाकला. “मग बँक काय करणार?” रिझर्व्ह बँकेनं 2017 साली परिपत्रक काढलं होतं, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही. पण ते परस्पर काढलेल्या पैशाला. आपल्याकडून फसवून पिन टाकून घेतला, तर तो तुमचा निष्काळजीपणा. म्हणजे डोक्याला बंदूक लावून तिजोरी उघडायला लावली तर ती लूट, आणि खोटं बोलून उघडायला लावली तर आमचा दोष. कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर याच शाखेचा माणूस दुकानात येऊन उभा राहतो.

तरीही बँकेत लेखी अर्ज द्याच, पोच घ्या, तारखेचा शिक्का घ्या. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मी केली आहे.

सध्याची स्थिती अशी: बाळूभाऊच्या रकमेतले 4,910 रुपये कुठल्यातरी खात्यात गोठवलेले सापडले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं सांगितलं आहे. 4,910 साठी वकील, अर्ज, तालुक्याच्या खेपा. मी तो अर्ज करणार आहे. त्याची रक्कम मी माझ्या खिशातून द्यायला गेलो तर त्यानं घेतली नाही, आणि तेव्हापासून मला त्याच्या घरी जायला जड जातं.

मुंबईला जायचं असेल तर एवढं करा. नकाशावरचा नंबर एकटा धरू नका. तोच लॉज दोन-तीन ठिकाणी शोधा आणि नंबर जुळतो का बघा. मुंबईत कोणी ओळखीचं असेल, नातेवाईक, गावातलं कामाला गेलेलं पोरगं, तर त्याला एकदा प्रत्यक्ष काउंटरवर पाठवा. आगाऊ मागितलं तर एका रात्रीच्यावर देऊ नका. दुसऱ्यांदा पैसे देताना नाव बदललं तर फोन ठेवा, समोरचा कितीही गोड बोलो. चालत्या गाडीत, दुसरा फोन कानाला लावून, कोणताही व्यवहार करू नका. आणि ज्यांना 14862 किंवा त्याच्या मागचे-पुढचे ‘टोकन’ आकडे सांगून असंच लुटलं आहे, त्यांनी लाज बाळगून घरी बसू नका. आपापल्या ठाण्यात जा, कलम 173 म्हणा, नाही म्हणाले तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. एकाच खात्यावर पाच-दहा तक्रारी एकत्र दिसल्या तरच वरचा साहेब फाईल उघडतो, हे मला आमच्याच ठाण्यातल्या एका हवालदारानं बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलं. आत टेबलाशी बसून ते सांगायची त्यांची तयारी नव्हती.