क्यूएमूची कॉन्फिगर स्क्रिप्ट: चुकीचे टार्गेट दारातच अडते

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यांवर चढतात, त्यांपैकी काहींच्या वजनदर्शकातले सॉफ्टवेअर आम्ही विश्रामबागेतील दोन खोल्यांच्या कार्यालयात लिहितो. प्रत्येक चाचणीच्या वेळी खरा बोर्ड हाताशी असतोच असे नाही, म्हणून गेली काही वर्षे आम्ही क्यूएमू हा एम्युलेटर, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, सोर्सपासून बिल्ड करून (मूळ कोडपासून स्वतः तयार करून) वापरत आहोत. फॅब्रिस बेलार्ड यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या एकूण गुणावगुणांत मी शिरत नाही. मला लिहायचे आहे ते बिल्डच्या आधी चालून त्याची तयारी करणाऱ्या त्याच्या कॉन्फिगर या शेल स्क्रिप्टविषयी, आणि त्यातही एकाच तपासणीविषयी.

नव्या 64 बिटी बोर्डासाठी बिल्ड करताना मी कोणत्या प्रोसेसरची नक्कल (म्हणजे टार्गेट) हवी ते सांगणाऱ्या टार्गेट-लिस्ट या पर्यायापुढे ‘आर्म64-सॉफ्टएमएमयू’ असे लिहिले. डेबियन या लिनक्स वितरणात या प्रोसेसर-आर्किटेक्चरला आर्म64 म्हणतात, त्यामुळे बोटांना तीच सवय. क्यूएमूमध्ये मात्र त्याचे नाव ‘एआर्च64’ आहे. एंटर दाबल्यावर थोड्याच वेळात पडद्यावर ‘एरर: अननोन टार्गेट नेम’ ही ओळ आली आणि तिच्यापुढे अवतरणचिन्हांत माझे चुकलेले नाव जसेच्या तसे छापलेले होते. पुढचा बिल्ड आखणाऱ्या मेसॉन या साधनाचे काम तोवर सुरूही झाले नव्हते.

हे कौतुक मला का वाटते, ते आमच्याच जुन्या बिल्ड स्क्रिप्टमुळे. ती मीच लिहिली होती. टार्गेटचे नाव ती पहिल्या ओळीत घेत असे, पण त्याचा उपयोग थेट शेवटच्या टप्प्यात, फोल्डरचा पत्ता तयार करताना करीत असे. त्यामुळे पावसाळ्यातल्या एका दुपारी, वीज गेलेली असताना आणि इन्व्हर्टर कण्हत असताना, चाळीस मिनिटे कंपाइल झाल्यावर ‘अशी फाइल नाही’ एवढेच उत्तर मिळाले. चूक नावातल्या एका अक्षराची होती, आणि संदेशात त्या नावाचा उल्लेखही नव्हता.

क्यूएमूची पद्धत साधी आहे. कॉन्फिग्ज फोल्डरातील टार्गेट्स या उपफोल्डरात प्रत्येक टार्गेटची एक फाइल असते आणि त्या फाइलींच्या नावांवरूनच स्क्रिप्ट वैध यादी तयार करते, म्हणजे नवे टार्गेट आले की यादी वेगळी हाताने सुधारावी लागत नाही. मग दिलेले प्रत्येक नाव, दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून, केस या शेलमधील जुळवणीच्या रचनेत त्या यादीशी ताडले जाते. ती मोकळी जागा नसती तर नुसते ‘आर्म’ लिहूनही नाव वैध ठरले असते. 5.2 या आवृत्तीपासून बिल्डचा मोठा भार मेसॉनकडे गेला, तरी ही राखण कॉन्फिगरकडेच राहिली, हे योग्यच झाले.

उणिवा आहेत. पहिले चुकीचे नाव दिसताच स्क्रिप्ट थांबते, त्यामुळे यादीत दोन चुका असतील तर दोनदा धावावे लागते. जवळचे बरोबर नाव ती सुचवीत नाही. ते हेल्प या पर्यायातल्या लांबलचक यादीत आपणच शोधायचे. आणि टार्गेट-लिस्ट द्यायलाच विसरलो, तर लिनक्सवर ती पन्नासहून अधिक टार्गेट निमूटपणे बिल्डला लावते. कमी ताकदीच्या यंत्रावर काम करणाऱ्याला हा विसर चुकीच्या नावापेक्षा महाग पडतो, आणि तेथे एखादी इशाऱ्याची ओळ असायला हवी होती असे माझे मत आहे.

पाचपैकी चार तारे. तोच केसचा तुकडा मी आता आमच्या स्क्रिप्टच्या माथ्यावर बसवला आहे; फक्त आमची टार्गेट तीनच असल्यामुळे नाव चुकले की ती तिन्ही नावे त्याच संदेशात छापली जातात.