ऑनलाइन बांधकाम परवानगी : ३३१ दिवस वापरल्यानंतर

९ जानेवारी २०२४ ला आमच्या आर्किटेक्टनी घराचा नकाशा पोर्टलवर चढवला आणि ५ डिसेंबरला बांधकाम परवाना हातात पडला. मधले ३३१ दिवस मी जवळजवळ रोज लॉगिन उघडून बघत होते. तालुक्याचं गाव, नगरपरिषदेची हद्द, मंजूर लेआउटमधला दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट. खाली तीन खोल्या, वर दोन. भाऊबंदकी नाही, आरक्षण नाही, शेजाऱ्याची हरकत नाही. इतक्या सरळ प्रकरणाला अकरा महिने लागले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय. घर बांधायच्या विचारात असलेल्या कुणाला तरी त्याचा उपयोग व्हावा.

आधी जे चांगलं आहे ते. नकाशा तपासणारं सॉफ्टवेअर मला खरोखर आवडलं. ड्रॉइंगमधल्या रेषा ठरवून दिलेल्या लेअरमध्ये काढल्या की ते सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र (बांधकामाचं एकूण क्षेत्रफळ), जिन्याची रुंदी, खोल्यांची मापं स्वतः मोजतं आणि अहवाल देतं. पहिल्या वेळी आमचं ड्रॉइंग नापास झालं, कारण मागच्या बाजूला सोडायची जागा एका कोपऱ्यात कमी भरत होती. चूक आमचीच होती. दुरुस्त केलं आणि तीन दिवसांत अहवाल पास झाला. मी त्या दिवशी घरी पेढे आणले. पाडव्याला पायाभरणी करू, पावसाच्या आत स्लॅब पडेल, असं आम्ही मिस्त्रींना सांगूनही टाकलं.

मग फाईल माणसांच्या लॉगिनला गेली.

२ फेब्रुवारीला पहिली त्रुटी आली: सातबारा तीन महिन्यांच्या आतला हवा. रास्त होतं. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, दुसऱ्या दिवशी जोडला. त्यानंतर ४० दिवस काही नाही. १४ मार्चला दुसरी त्रुटी: मोजणी नकाशा जुना आहे, नवीन 'क' प्रत (सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) जोडा. हा जुना नकाशा ९ जानेवारीपासून त्याच फाईलमध्ये होता. सातबारा बघणाऱ्याला तो दिसला नसेल असं कसं म्हणायचं? दोनच दिवसांनी, १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. तातडीची फी भरूनही भूकरमापक निवडणुकीच्या कामातून मोकळे होऊन प्लॉटवर आले ते २४ मेला. 'क' प्रत हातात येऊन ती चढवेपर्यंत २७ जून उजाडला. पाडवा गेला, पाऊस सुरू झाला, मिस्त्रींनी दुसरं काम धरलं.

२५ जुलैला तिसरी त्रुटी आली, ती वाचून मला रडू आलं. मंजूर लेआउटची साक्षांकित प्रत जोडा. हा लेआउट याच नगरपरिषदेनं मंजूर केलेला आहे. त्यांच्याच कपाटातला कागद, त्यांच्याच अभिलेख कक्षात अर्ज करून, फी भरून, साक्षांकित करून घ्यायचा आणि त्यांच्याच जिन्यानं वर नेऊन द्यायचा. त्यात २५ दिवस गेले. १ ऑक्टोबरला चौथी: मोकळ्या जागेच्या कराची थकबाकी नसल्याचा दाखला. आमची एक रुपयाची थकबाकी नव्हती. कर भरतो तो विभाग त्याच इमारतीत तळमजल्यावर आहे. दाखल्याला आठ दिवस.

मी सगळ्या तारखा वहीत लिहून बेरीज केली आहे. ३३१ पैकी १३९ दिवस फाईल 'अर्जदाराकडे प्रलंबित' दिसत होती, १९२ दिवस कार्यालयाकडे. कार्यालयाकडचे सलग दिवस असे: २४, ४०, २८, ४३, ५७. हे आकडे नीट बघा, कारण सगळी गोम यातच आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर, नकाशा नियमात बसत असल्यास, परवानगी मिळाली असं मानलं जातं. यालाच मानीव परवानगी म्हणतात. पण ६० दिवस मोजायचे अर्जाच्या तारखेपासून, किंवा मागितलेल्या पूर्ततेच्या तारखेपासून, जी तारीख नंतरची असेल ती. म्हणजे प्रत्येक त्रुटीबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर. पाच वेळा मोजणी सुरू झाली आणि एकदाही ६० भरले नाहीत. कागदावर आमच्या प्रकरणात उशीर झालेलाच नाही! चारही कागद २ फेब्रुवारीला एकदम मागितले असते तर सातबारा, दाखला, लेआउट आणि मोजणीची धावपळ आम्ही एकाच वेळी केली असती. मोजणीचा अर्जही आचारसंहितेच्या दीड महिना आधी गेला असता.

आणि एकदम मागायला हवेत असा नियम आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर जी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, तिच्यात म्हटलं आहे की एकदा हरकती कळवल्यावर आणि त्यांची पूर्तता होऊन नकाशे परत आल्यावर सर्वसाधारणपणे नव्या हरकती काढू नयेत. काढायच्याच असतील तर कारण द्यावं. मला हे ऑगस्टमध्ये कळलं. जानेवारीत माहीत असतं तर दुसऱ्याच त्रुटीला लेखी उत्तर दिलं असतं.

त्याच नियमावलीत १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी १० दिवसांत परवानगीची वेगळी वाट आहे. दोन गुंठे म्हणजे २०२ चौरस मीटर, आम्ही त्यात बसत होतो. आर्किटेक्टना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, त्यात सगळं प्रमाणपत्र माझ्या सहीवर जातं. उद्या जागेवर कुणी फूटभर पुढे बांधलं तर लायसन्स माझं जाणार. आपल्या गावात अजून कुणी त्या वाटेनं जात नाही." त्यांची भीती मला समजते. पण सोय केली आणि वापरायचं धाडस कुणातच नाही, तर सरकारनं ही भीती घालवायला काही करायला नको का?

लोक सांगतात, मानीव परवानगी आहे ना, करा सुरू. बँकेत जाऊन बघा. गृहकर्जाचा पहिला हप्ता सोडायला त्यांना शिक्क्याचा, सहीचा मंजूर नकाशा लागतो. आमचं कर्ज फेब्रुवारीत मंजूर झालं होतं, त्या पत्राची मुदत ऑगस्टमध्ये संपली आणि प्रक्रिया शुल्क पुन्हा भरावं लागलं. भाडं महिना साडेआठ हजार, अकरा महिन्यांचे साडेत्र्याण्णव हजार. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. तळमजल्यावरची देवघराशेजारची खोली त्यांच्यासाठीच काढली आहे. "परवाना आला का गं?" हे त्यांनी किती वेळा विचारलं असेल.

सप्टेंबरात झेरॉक्सच्या दुकानात एकानं गाठलं. म्हणाला, "ताई, पंधरा दिवसांत करून देतो." आकडाही सांगितला. आम्ही दिला नाही. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझी फाईल त्या घडीला कुणाच्या लॉगिनला आहे हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. माझ्या स्क्रीनवर नुसतं 'छाननी सुरू' दिसतं. फाईल कुठल्या टेबलावर, किती दिवसांपासून, कशासाठी थांबली हे अर्जदाराला दिसलं तर या माणसाचं दुकान त्याच दिवशी बंद होईल. पोर्टलमध्ये एकच बदल करा म्हटलं तर मी हाच मागेन.

ऑक्टोबरात पुन्हा आचारसंहिता लागली, विधानसभेची. "आता निवडणूक झाल्यावर बघू," असं खिडकीवर सांगितलं. हे ऐकून घरी येऊ नका. आचारसंहिता नव्या योजनांच्या घोषणा अडवते, नियमात बसणाऱ्या घराचा नकाशा नाही. मी २८ ऑक्टोबरला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली पहिलं अपील टाकलं. बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र (जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे झाल्याचा दाखला), भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेल्या घरात राहायला जायची परवानगी) या अधिसूचित सेवा आहेत, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाला जोडून मी फक्त तारखांचा एक पानी तक्ता दिला. सुनावणी व्हायच्या आधीच फाईल हलली. २२ नोव्हेंबरला विकास शुल्काचं चलन निघालं, त्याच दिवशी भरलं. भरलेली रक्कम पोर्टलवर दिसायला आठवडा गेला. नंतर डिजिटल सही राहिली होती, कारण मुख्याधिकारी नवे आले होते आणि त्यांची सही अजून प्रणालीत नोंदवलेली नव्हती.

खिडकीवरच्या लिपिकांबद्दल माझ्या मनात राग नाही. पूर्ण गावासाठी नकाशे तपासणारा एकच रचना सहायक, तेही आठवड्यातून तीन दिवस, बाकीचे दिवस शेजारच्या नगरपरिषदेचा कार्यभार. त्या माणसाच्या टेबलावर मी स्वतः ढीग पाहिलाय. पद भरत नाहीत, त्याची किंमत आमच्यासारखे लोक भाड्यात आणि व्याजात मोजतात.

जे आत्ता अर्ज करणार असतील त्यांनी आधी मोजणी करून घ्या, प्लॉट घेतानाची जुनी चालेल असं धरू नका. लेआउटची साक्षांकित प्रत आणि कराचा दाखला कुणी मागायच्या आधी जोडा. पहिली त्रुटी आली की पूर्ततेच्या पत्रात एक वाक्य लिहा: आणखी काही त्रुटी असल्यास याच वेळी एकत्र कळवाव्यात. आणि प्रत्येक तारखेचा स्क्रीनशॉट ठेवा, माझं अपील त्यांच्याच जोरावर उभं राहिलं.

पायाभरणी जानेवारी २०२५ मध्ये झाली. आता स्लॅब पडून प्लास्टर चालू आहे. भोगवट्याचा अर्ज पुढच्या महिन्यात याच पोर्टलवरून जाईल. लेआउटच्या दोन जादा साक्षांकित प्रती मी आधीच काढून फाईलमध्ये लावल्या आहेत.