वेल्डर घडवायचा: सिम्युलेटर, मोबाइल की जुना मिस्त्री?

फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे आणि दोन-तीन पोरं हाताखाली तयार करायची आहेत, अशा मालकाला वेल्डिंग सिम्युलेटरचं, म्हणजे आभासी वेल्डिंगवर हात बसवायच्या यंत्राचं, प्रात्यक्षिक भुरळ पाडतं. धूर नाही, ठिणग्या नाहीत, रॉड-प्लेटचा खर्च नाही, वर पडद्यावर गुण. पण हे गुण कशाचे, ते आधी पाहा.

सिम्युलेटर हात मोजतो: टॉर्चचा (हातात धरायच्या वेल्डिंगच्या साधनाचा) कोन, सरकण्याचा वेग, जॉबपासूनचं (जोडायच्या तुकड्यापासूनचं) अंतर. फ्रोनियस कंपनीच्या यंत्रात तर ‘घोस्ट’ नावाची आभासी टॉर्च असते. शिकणाऱ्याने तिच्या चालीने हात न्यायचा. स्टिक वेल्डिंगमध्ये रॉड जळून आखूड होत जातो, म्हणजे हात पुढे नेता नेता खालीही आणायचा आणि आर्क, म्हणजे रॉड आणि जॉबमधली विजेची ज्योत, साधारण रॉडच्या तारेच्या जाडीइतकीच लांब राखायची. नवख्याचं निम्मं काम इथेच बिघडतं. आर्क लांबली की स्पॅटर (वितळलेल्या धातूचे शिंतोडे) उडतो, फार आखूड झाली की रॉड चिकटतो. मिस्त्री “हात स्थिर ठेव” म्हणून मोकळा होतो. हात कुठे आणि किती चुकला ते यंत्र लगेच दाखवतं. एवढ्यापुरतं यंत्र मिस्त्रीपेक्षा सरस, यात शंका नाही.

मिस्त्रीची नजर मात्र वितळलेल्या रसावर असते. स्लॅग (वर तरंगणारी मळी) पुढे पळतोय का, आवाजावरून करंट जास्त वाटतोय का, जॉब तापून कुठे ओढला जाईल, म्हणून टॅक (तात्पुरते छोटे टाके) आधी कुठे मारायचे, ओल धरणारे ७०१८ प्रकारचे रॉड ओव्हनमधून काढून किती वेळ उघडे पडलेत. यातलं बरंचसं विचारलं तरी त्याला सांगता येत नाही. “करता करता कळेल” हे उत्तर टाळाटाळीचं नसतं, त्याला खरंच तसंच कळलेलं असतं.

इथे स्वस्तातलं तंत्रज्ञान कामी येतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर वेल्डिंगची काळी काच लावा, मिस्त्रीचं उभं वेल्डिंग चित्रित करा आणि मग त्याच्याच शेजारी बसून व्हिडिओ थांबवत विचारा, “मामा, इथे हात का थांबला?” आता उत्तर येतं: कडेला क्षणभर थांबलो नाही तर अंडरकट (जोडाच्या कडेला खाच) पडतो. असे प्रश्न विचारायला चिकाटी लागते आणि मिस्त्रीचा तेवढा वेळ प्रॉडक्शनमधून जातो, हा खर्च धरून चाला.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी निम्मं प्रशिक्षण आभासी आणि निम्मं खऱ्या आर्कवर असा मेळ तपासला, तेव्हा तो फक्त पारंपरिक शिक्षणापेक्षा सरस ठरला. पूर्ण आभासी प्रशिक्षण सोप्या-मध्यम जोडांपर्यंत पुरलं, अवघड पोझिशनला मात्र कमी पडलं.

तेव्हा दोन-तीन पोरांसाठी सिम्युलेटर घेऊ नका. मिस्त्री आणि मोबाइल पुरे. आयटीआय किंवा दरवर्षी नवी बॅच घेणारा मोठा कारखाना असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांसाठी यंत्र जरूर घ्या. मात्र पोरं किती आणि यंत्रं किती याचा हिशेब करा, नाहीतर दिवस रांगेत जातो.

खरेदीआधी आपल्या मिस्त्रीला त्या यंत्रावर बसवा. तो सराईत वेल्डर असूनही गुण कमी पडले तर विक्रेत्याला उत्तीर्णतेची मर्यादा कशावरून ठरवली ते विचारा आणि ती आपल्या मिस्त्रीच्या गुणांवर बसवता येते का, ते तिथेच करून दाखवायला सांगा.