जिओसर्व्हर आणि पोस्टजीआयएस: नगरपालिकेत काही महिने वापरल्यावर

आधी आमच्याकडे जेवढे विभाग तेवढे नकाशे. पाइपलाइनी कॅडमध्ये, मालमत्ता कराचा सर्व्हे कुठल्याशा ठेकेदाराने दिलेल्या सीडीत, विकास आराखडा नगररचनेच्या भिंतीवर. आता सगळे लेयर (नकाशाचे थर) पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये आहेत, जिओसर्व्हर ते ब्राउझरमध्ये दाखवतो आणि दुरुस्त्या क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून होतात. तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही, हे मात्र वरिष्ठांना अधूनमधून सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त घाम मराठीने काढला. जुन्या शेपफाइलमध्ये (नकाशाचा डेटा साठवायचा एक फाइल-प्रकार) गल्ल्यांच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हं यायची. अक्षरं कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहेत हे सांगणारी सीपीजी फाइल सोबत नव्हती. एन्कोडिंग यूटीएफ-८ दिल्यावर नावं वाचता आली. शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला दहाच बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम तीन चिन्हं. ‘मालमत्ता क्रमांक’ लिहून दाखवा! त्यामुळे शेपफाइल फक्त आत घेण्यापुरती, पुढचं सगळं पोस्टजीआयएसमध्ये. नकाशावर लेबलांऐवजी चौकोन दिसत होते ते वेगळं कारण: सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो सान्स देवनागरी टाकला, स्टाइलमध्ये त्याचं नाव दिलं, काम झालं.

डब्ल्यूएफएसने (नकाशाचा डेटा नेटवर्कवरून देण्याची प्रमाणित पद्धत) दुसऱ्या कार्यालयाला डेटा दिला तर आमचा अख्खा वॉर्ड नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! डब्ल्यूएफएसच्या नव्या आवृत्तीत अक्षांश आधी येतो, त्यांचं सॉफ्टवेअर रेखांश आधी धरत होतं. क्यूजीआयएसमध्ये यासाठी टिकमार्क आहे, तो आधी तपासा.

खरा फायदा रस्ता खोदाईच्या परवानगीत दिसला. केबलवाल्याचा अर्ज आला की बांधकाम विभाग पाइपलाइनचा लेयर उघडून बघतो, पाणीपुरवठ्याकडे फाइल फिरत नाही. लेयरनिहाय अधिकार देता येतात, म्हणून प्रत्येक लेयर एकाच विभागाच्या नावावर टाकला. बाकीच्यांनी फक्त बघायचं. ‘आमचाच नकाशा बरोबर’ ही भांडणं त्यानेच थांबली, सॉफ्टवेअरने नव्हे. व्हॉल्व्ह बदलला तर फिटर मोबाइलवर क्यूफील्ड या ॲपमध्ये नोंद करतो. अर्थात, आठवण केली तर.

लिनक्स आणि एसक्यूएल जाणणारा एक तरी माणूस कायमस्वरूपी असेल तरच या वाटेला जा. उदाहरणार्थ, क्यूजीआयएसमधून थेट डेटाबेसमध्ये बदल केला तर नकाशाचे तयार तुकडे (टाइल) साठवून ठेवणाऱ्या जिओवेबकॅशला पत्ताच लागत नाही, जुन्याच टाइल दिसत राहतात आणि विभाग फोन करतो की ‘आमची दुरुस्ती गायब झाली’. आम्ही बदलत्या लेयरची कॅशे (टाइलचा साठा) रोज रात्री रिकामी करायला लावली आहे. विकास आराखड्याची तशीच ठेवली आहे, तो कुठे रोज बदलतो.