कार्बाइड क्रिम्प डाय: आठ महिने वापरल्यावर

डाय चांगली आहे. (डाय म्हणजे काडतूस भरायच्या प्रेसवर लावायचा साचा. क्रिम्प डाय काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं तोंड गोळीवर आवळते, त्या आवळण्याला क्रिम्प म्हणतात.) मी ती चुकीच्या कामासाठी घेतली होती, हे कळायला मात्र तीन महिने आणि एकशे चाळीस काडतुसं लागली.

मी टेक्ससमध्ये राहतो, शनिवारी क्लबच्या मॅचला जातो आणि .४० एस अँड डब्ल्यू या पिस्तुलाच्या मापाची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतःच भरतो. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे हे सगळं इकडचं समजून वाचा.) गेल्या हिवाळ्यात दहातली दोन-तीन काडतुसं चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) अर्धवट अडकायला लागली. स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पुरती बंद होत नाही, टायमर चालू, मागे लोक ताटकळलेले. घरी येऊन कॅलिपर लावला, तर केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) तोंडाखाली गोल पोक आलेलं.

रेंजवरच्या जाणत्यांनी उपाय सांगितला: शेवटच्या टप्प्यावर कार्बाइडची कडी असलेली क्रिम्प डाय लाव. भरून तयार झालेलं काडतूस या कडीतून वर जातं, खाली येतं, आणि जिथे जाड असेल तिथे दाबलं जातं. मागवली. पहिल्या संध्याकाळी शंभर भरली, शंभरच्या शंभर गेजमध्ये (माप तपासायच्या ठोकळ्यात) टपकन बसली. त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

मग एका मॅचनंतर पिस्तूल रिकामं करताना बाहेर आलेलं काडतूस हातात घेतलं, तर ते बुटकं वाटलं. मोजलं. मी एकूण लांबी १.१२५ इंच ठेवतो, हे १.०९८ निघालं. डब्यातलं दुसरं घेऊन गोळीचं टोक टेबलाच्या कडेला टेकवलं आणि अंगठ्याने दाबलं. गोळी आत सरकली! केसची पकडच नव्हती म्हणा ना.

झालं होतं असं. मी कोटिंगवाली शिशाची गोळी वापरतो, जाडी ०.४०१ इंच, तांब्याच्या आवरणाची गोळी ०.४०० असते. फुगलेली केस कडीतून जाताना आतली गोळीही दाबली जायची. पितळ दाबलं की थोडं परत उसळतं, शिसं बिचारं दाबलं ते दाबलंच. मध्ये फट राहते आणि केसची पकड जाते. अशी गोळी चेंबरमध्ये जाताना धक्क्याने आत बसली की पावडरची जागा कमी होते आणि दाब चढतो. .४० ला मुळातच ३५,००० पीएसआय (दाबाचं माप) पर्यंतची मर्यादा आहे, .४५ एसीपीसारखी २१,००० ची आरामशीर नाही. ती सगळी बॅच हातोडीवजा पुलरने ठोकून मोकळी केली. गॅरेजमध्ये दोन संध्याकाळी ठकठक चालली होती. आई तेव्हा इकडे आलेली, तिने दारातून विचारलं, “अरे, अक्रोड फोडतोयस का?”

म्हणजे डायने फुगवटा इस्त्री करून दिला होता, फुगवटा येत कुठून होता ते तसंच राहिलं. तेव्हा ती डाय काढून ठेवली आणि आधी करायला हवं होतं ते केलं: पिस्तुलाची नळी बाहेर काढली, काडतुसाला काळ्या मार्करने रंगवलं, नळीत सोडलं, फिरवलं, बाहेर काढलं. जिथला रंग खरवडला तिथे घासतंय. नीट काडतूस नळीत टपकन पडतं, बोटाने फिरतं आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर येतं.

फुगवटा कुठे आहे यावरून त्याचं कारण कळतं. माझा तोंडाखाली, चारी बाजूंनी सारखा होता. तो क्रिम्पचा. गोळी बसवणं आणि क्रिम्प, दोन्ही मी एकाच डायमध्ये एका दमात उरकत होतो. डायचा बाहेरचा भाग जास्त खाली आलेला, त्यामुळे गोळी अजून खाली जात असतानाच केसचं तोंड तिला आवळायला लागायचं. तोंड अडलं, गोळी ढकलतेच आहे, मग पितळ जाणार कुठे? बाहेर. करंजीची कड मिटल्यावर सारण दाबायला गेलं तर जे होतं तेच. उपाय फुकटचा निघाला: डाय एक आटा वर घेतली (आपल्या डायचे आटे इंचाला १४, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ०.०७१ इंच), आतला दांडा तेवढाच खाली केला आणि क्रिम्प वेगळ्या टप्प्यावर नेला. तोही हलका टेपर (निमुळता) क्रिम्प, कारण हे काडतूस चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतं. तोंड ०.४२२ च्या आसपास मोजलं की मी थांबतो.

त्यातही काही एका अंगाने फुगलेली होती. ती तिरकी बसलेली गोळी. केसचं तोंड मी पुरेसं फुलवत नव्हतो, कोटिंगचं बारीक कडं सोलून निघालेलं दिसायचं. आता नखाला जाणवेल इतपत फुलवतो.

बुडाजवळचा फुगवटा हे वेगळंच प्रकरण. रेंजवरून गोळा केलेलं पितळ कुणाच्या तरी अशा पिस्तुलातून आलेलं असतं, ज्याच्या चेंबरला फीड रॅम्पपाशी (काडतूस आत सरकतं त्या उतारापाशी) आधार कमी. शेलहोल्डर (प्रेसवर केसचं बूड धरणारा तुकडा) आड येतो म्हणून साइझिंग डाय (केस दाबून मापावर आणणारी) तिथवर पोचत नाही. केस आरपार ढकलून काढायचं किट मिळतं आणि .४० सारख्या सरळ भिंतीच्या केसला ते चालतं. ९ मिमीची केस बुडाशी ०.३९१ आणि तोंडाशी ०.३८० अशी निमुळती, तिला हा उपाय तसाच लागू नाही. हसऱ्या तोंडासारखी घडी पडलेली केस दिसली तर कितीही चकचकीत असो, भंगारात. आणि गोळीच्या खाली केसला बारीकशी कंबर दिसते तो दोष नव्हे, उगाच तिच्या मागे लागू नका. मी लागलो होतो.

डाय आता परत प्रेसवर आहे. क्रिम्पपुरती. चांगलं काडतूस कडीला न शिवता वर जातं. हँडलला जरा जरी जोर लागला तर ते काडतूस बाजूच्या लाल डब्यात टाकतो. गेल्या दोन महिन्यांत त्या डब्यात सात जमलीत, त्यातली पाच एकाच जाड पितळाच्या छापाची. चार तारे. पाचवा कापला, कारण शिशाच्या गोळीचं काय होतं त्याबद्दल सोबतच्या कागदावर एक ओळही नाही.