काळ्या मातीतली फुलझुडपे: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

पुण्याच्या पूर्व भागातील आमच्या बैठ्या घराभोवती लावलेल्या फुलझुडपांनी आणि कंदवर्गीय फुलझाडांनी आता दोन पावसाळे आणि मधला एक पूर्ण उन्हाळा पाहिला आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी थोडे ठामपणे लिहिता येईल. रोपवाटिकेत सगळीच झाडे देखणी दिसतात. कोणते झाड आपल्या मातीत आणि आपल्या पाण्यावर तगते, ते मे महिना उलटल्याशिवाय कळत नाही. आमची माती काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी आहे. पाणी बोअरचे, आणि इतके जड की बादलीला आतून पांढरा थर धरतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या काळात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांना टेकतो. पुढील मते या परिस्थितीतली आहेत. कोकणातल्या जांभ्या मातीत ती जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

सर्वांत आधी रोपाच्या पिशवीविषयी सांगितले पाहिजे. आमच्याकडे मिळणारी बहुतेक रोपे चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. हा गोळा तसाच खड्ड्यात ठेवला, तर वाळल्यावर विटेसारखा कडक होतो. पाणी त्याच्या कडेने निघून जाते आणि भोवतालची माती ओली असूनही मुळे मात्र कोरडी राहतात. एका जाणत्या माळ्याच्या सांगण्यावरून आम्ही प्रत्येक गोळा लावण्यापूर्वी पाण्याच्या टबात भिजत ठेवला, कडेची माती हाताने सैल केली आणि वेटोळे घातलेली मुळे मोकळी केली. ज्या रोपवाटिकेतून रोपे घेतली, तिथे याविषयी चकार शब्द काढला गेला नव्हता. खड्ड्यात कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी निंबोळी पेंड घातली. झुडपे वाफ्याच्या पातळीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लावली, कारण काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून मूळकूज होण्याचा धोका उन्हापेक्षा मोठा असतो.

कष्टांच्या मानाने सर्वाधिक फुले कोणी दिली असतील, तर तगरीने. दुहेरी पाकळीची तगर जवळजवळ वर्षभर फुलते, छाटणी मुकाट्याने सोसते आणि दुपारनंतरच्या सावलीतही तक्रार करत नाही. कण्हेर तिच्याहून काटक आहे. महामार्गांच्या दुभाजकांवर तिची रांग उगाच लावत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यानंतर आम्ही तिचे पाणी जवळजवळ बंद केले, तरी तिचा बहर कमी झाला नाही. मात्र कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मूल असेल किंवा अंगणात शेळी-वासरू येत असेल, तर ती लावू नये, आणि छाटलेल्या फांद्या कुणाच्या चाऱ्यात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. पावसाळ्यात या दोन्ही झाडांवर एकच पाहुणा येतो: बोटाएवढी जाड हिरवी अळी, जिच्या मानेजवळ पांढऱ्या मध्याचे दोन निळे डोळे रंगवल्यासारखे दिसतात. ती एका पतंगाची अळी असून रातोरात फांदी बोडकी करते. आम्ही फवारणी केली नाही. पाने पुन्हा फुटली.

मोगऱ्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘आमचा मोगरा नुसता वाढतो, फुलत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. जुनी फांदी तशीच ठेवली, तर झाड पानांतच रमते. त्यामुळे फळबागेत बहार धरताना देतात तसा त्याला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ त्याचे पाणी तोडावे लागते. डिसेंबरमध्ये पाणी तोडले, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना थोडे ऊन लागू दिले आणि जानेवारीत फांद्या निम्म्यावर छाटून उरलेली पानेही ओरबाडून काढली. काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे मुरमाड जमिनीपेक्षा इथे ताण बसायला अधिक वेळ लागतो. पाने मलूल होईपर्यंत धीर धरणे हाच यातला अवघड भाग आहे. त्या काळात झाड पाहवत नाही. नंतर शेणखत घालून पाणी सुरू केले, तेव्हा पेरापेरातून तांबूस फूट निघाली आणि मार्चअखेरीस प्रत्येक शेंड्यावर कळ्यांचे त्रिकूट दिसू लागले. बहर ओसरताच शेंडे पुन्हा खुडले की जूनपर्यंत फुलांचे आणखी फेर मिळतात. किमान सहा तास थेट ऊन नसेल, तर मात्र हा सारा खटाटोप व्यर्थ आहे.

जास्वंदीबाबत माझे मत संमिश्र आहे. देशी लाल जास्वंद निःशंक घ्यावी. गणपतीला रोज फूल मिळते आणि शिंजीर पक्षी सकाळीच हजेरी लावतो. मोठ्या, दुरंगी फुलांच्या संकरित जाती दिसायला राजस असल्या, तरी उन्हाळ्यात पाण्याची एक वेळ चुकली की त्यांच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. खरी डोकेदुखी पिठ्या ढेकणाची आहे. शेंडा आखडतो, पाने सुरकुतून जाड होतात, आणि ती उलगडून पाहिली की आत कापसासारखा पांढरा चिकट पुंजका सापडतो. खोडावरून मुंग्यांची ये-जा दिसू लागली की शेंडे तपासावेत, कारण या किडीच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात. आखडलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवणे, उरलेल्या झाडावर पाइपने जोराचे पाणी मारणे आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा साबण मिसळून फवारणे, एवढ्यावर काम भागले. कापलेले शेंडे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

अनंताने मात्र निराशा केली. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि आमच्या जमिनीत व पाण्यात चुना भरपूर. वर्षाच्या आतच कोवळी पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. हिराकस (लोहाचा क्षार) दिल्यावर थोडा फरक दिसला, पण चुनखडीच्या जमिनीत ते लोह लवकरच झाडाला घेता न येण्याजोगे होते. चिलेटेड लोहाचा, म्हणजे चुन्यातही झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाचा, परिणाम अधिक टिकला, पण खर्चही तसाच. शेवटी तो लाल माती आणि पानकुजीच्या मिश्रणात मोठ्या कुंडीत हलवला आणि पन्हळीचे पावसाचे पाणी पिंपात साठवून त्याला राखून ठेवले. आता तो हिरवा आहे, फुलेही देतो; परंतु एका झुडपासाठी इतकी सरबराई प्रत्येकाला परवडेल असे वाटत नाही. एक्झोरालाही हीच अडचण येते, मात्र थोड्या सौम्य प्रमाणात.

कंदांपैकी सोनटक्का मोरीच्या पाण्यावर लावला होता आणि ती जागा त्याला मानवली. आल्यासारखे कंद जमिनीत पसरतात आणि ऑगस्टपासून कणसासारख्या हिरव्या तुऱ्यातून रोज संध्याकाळी दोन-तीन पांढरी फुले उमलतात. एक दांडा एकदाच फुलतो, म्हणून फुलोरा संपला की तो बुडापासून कापावा. उन्हाळ्यात पानांची टोके करपतात, तेवढे चालवून घ्यावे. निशिगंधाचे कंद वरंब्यावर छान फुलले. सपाट वाफ्यातले पावसात कुजले. सुवास हवा असेल, तर दुहेरीऐवजी एकेरी जात निवडावी. गुलबक्षीला काहीच करावे लागत नाही. उलट दरवर्षी तिची रोपे उपटावी लागतात.

निळ्या चित्रकाला कुंपणाशी जागा दिली आहे. त्याच्या फुलांच्या बुडाशी असलेले चिकट हिरवे आवरण येता-जाता कपड्यांना लागते, त्यामुळे पायवाटेला लागून तो लावू नये. अनंताच्या रिकाम्या झालेल्या जागी या जूनमध्ये कुंद लावला आहे. तो हिवाळ्यात, म्हणजे मोगरा ताणावर असतो तेव्हा फुलतो, आणि चुन्याच्या पाण्यावर त्याची पाने अजून तरी पिवळी पडलेली नाहीत.